‘मुख्याध्यापक म्हणून मी फार मऊ आहे का?’

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या बाई एका शाळेत वीसेक वर्षं गणित शिकवत होत्या. आधीचे मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि ज्येष्ठतेनुसार ती खुर्ची यांच्याकडे आली. त्याला आता चार महिने झालेत. आधीचे सर कमालीचे कडक होते. ते नुसते व्हरांड्यातून गेले तरी वर्ग चिडीचूप व्हायचे. बाईंचा स्वभाव नेमका उलटा. ‘तुम्ही फार मऊ आहात, शाळा अशी चालत नसते,’ असं एका संचालकांनी त्यांना तोंडावर ऐकवलं. शिपाईमामासुद्धा ‘सरांच्या वेळी...’ अशी सुरुवात करून वाक्य अर्धवट सोडतात. याच शाळेत शिकवणारी एक जुनी मैत्रीण तासाला सतत उशिरा जाते. तिला बोलायचं धाडस होत नाही, म्हणून तो विषय बाईंनी सहामाही परीक्षेनंतरवर ढकललाय. त्या स्टाफरूममध्ये शिरल्या की गप्पा थांबतात. कुणी काही मागायला आलं की ‘बघते’ म्हणायची सवय लागली आहे. चांगल्या मुख्याध्यापकाच्या गुणांच्या याद्या त्यांनी वाचून काढल्या: दूरदृष्टी, कणखरपणा, निर्णयक्षमता, वक्तृत्व. यातलं निम्मंही आपल्यापाशी नाही, असं त्यांना वाटतं. हे गुण या वयात अंगी येतात का, की सरळ वर्गावर परत जावं, असा त्यांचा प्रश्न आहे.

बाई,

तुमच्या लांबलचक पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात घातलंय. एक शिक्षक रजेवर होते म्हणून तुम्ही सातवीवर बदली तासाला गेलात. एका मुलाला धडा वाचायला उभं केलंत. शब्दाखाली बोट ठेवून तो पहिलं अक्षर लावायचा आणि उरलेला शब्द अंदाजाने ठोकून द्यायचा. पाचवीपासून तो तुमच्याच शाळेत आहे. चौकशी केल्यावर कळलं, की तीन शिक्षकांना हे ठाऊक होतं. आणि पुढे तुम्ही लिहिता, ‘पण ते असो, मूळ प्रश्न वेगळा आहे.’

मला वाटतं, मूळ प्रश्न तोच आहे.

तो मुलगा पाचवी-सहावीत होता तेव्हा खुर्चीत आधीचे सर होते. त्यांच्याविषयी वाकडं बोलायचं मला कारण नाही. शाळा वेळेवर भरत होती, वेळापत्रक पाळलं जात होतं, आणि हे काही आपोआप होत नाही. पण एका मुलाला वाचता येत नाही ही बातमी तीन माणसांच्या पोटात दोन वर्षं राहिली आणि मुख्याध्यापकांच्या टेबलापर्यंत आली नाही. ते तीनही शिक्षक कामचुकार असतील असं समजू नका. ‘सर, याला वाचता येत नाही’ असं सांगायला गेलं, तर उलट ‘मग इतके दिवस तुम्ही काय करत होतात?’ हे ऐकायला मिळणार, एवढं त्यांना पक्कं माहीत असावं. मग माणूस काय करतो? पास होण्यापुरते गुण देतो आणि मुलगा वरच्या वर्गात सरकवतो. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशा त्या शांततेत ही बातमीही निमूट बसून राहिली.

एमी एडमंडसन या संशोधिकेने १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला होता. चांगल्या गटांच्या हातून औषधं देताना कमी चुका होत असणार, असं त्या धरून चालल्या होत्या. आकडे उलटे निघाले. ज्या गटांचं आपसात चांगलं जमत होतं आणि ज्यांची प्रमुख चांगली होती, तिथेच चुकांची नोंद जास्त. नंतर उलगडा झाला तो असा, की तिथे चूक सांगायला कुणी घाबरत नव्हतं, म्हणून त्या नोंदवल्या जात होत्या. बाकीच्या ठिकाणी त्या झाकल्या जात. शाळेलाही हे लागू आहे. वाईट बातमी मुख्याध्यापकांपर्यंत किती लवकर पोचते, यावरून मी शाळा जोखेन. व्हरांडा किती शांत आहे ते नंतर बघू.

आता त्या याद्यांकडे येते. दूरदृष्टी, कणखरपणा, वक्तृत्व. या याद्या वाचून चांगल्या माणसाला स्वतःची लाज वाटते आणि आढ्यतेखोराला हुरूप येतो, त्यामुळे मला त्यांचा जरा रागच आहे. त्यांत माणसाचं चित्र असतं, कामाचा पत्ता नसतो. मुख्याध्यापकाचा दिवस कशात जातो हे कुठल्याच यादीत येत नाही, आणि परिणाम तर तिथूनच होतो. न्यूझीलंडमधल्या व्हिव्हियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली आधीच्या बऱ्याच अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. मुख्याध्यापक जे जे करतात, त्यातल्या कशाचा मुलांच्या शिकण्यावर जास्त परिणाम होतो? पाच गोष्टी तपासल्या. ध्येयं ठरवणं, साधनं आणि माणसं योग्य जागी लावणं, शिकवण्याचं नियोजन आणि त्यावर देखरेख, शिक्षकांच्या शिकण्याला चालना देऊन स्वतःही त्यात उतरणं, आणि शिस्तशीर, सुरक्षित वातावरण राखणं. यातली चौथी गोष्ट बाकीच्यांना बरीच मागे टाकून गेली. संशोधक परिणाम ज्या संख्याशास्त्रीय मापाने मोजतात (आकडा जितका मोठा, तितका परिणाम जास्त), त्यावर तिचा परिणाम ०.८४ इतका मोजला गेला. शिस्तीच्या वातावरणाचा ०.२७ निघाला, पाचांत सगळ्यात कमी. म्हणून शिस्त नको, असं कुणी समजू नये. धिंगाण्यात कुणीच शिकत नाही. पण ज्या एका गोष्टीवरून तुम्हाला नापास ठरवलं जातंय, ती मुळात पायरी आहे, शाळा पुढेच आहे.

तुम्ही वीस वर्षं गणित शिकवलंय. अपूर्णांकात मूल नेमकं कुठे अडखळतं हे तुम्हाला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. शिक्षकांच्या बरोबर बसून ‘हा भाग मुलांना का समजत नाही’ यावर डोकं लावणं तुम्हाला जड जाणार नाही. आणि पत्रावरून दिसतंय, की चार महिन्यांत ते तुम्ही एकदाही केलेलं नाही. अहवाल, पत्रव्यवहार, दुरुस्त्या, भेटायला आलेली माणसं यांतच दिवस संपतो. तुमची काळजी मला इथे वाटते. मऊपणाची नाही.

‘राउंड घ्यायला लागा, म्हणजे वचक बसेल,’ असंही तुम्हाला कुणीतरी सुचवलंय. त्याबद्दल एक ऐका. अमेरिकेत मायामी परिसरातल्या सुमारे शंभर शाळांच्या मुख्याध्यापकांमागे निरीक्षक दिवसभर फिरले आणि कुणाचा वेळ कुठे जातो ते टिपलं. तो अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. शिकवण्याशी संबंधित कामाला मिळणारा वेळ एकूण वेळेच्या आठव्या हिश्श्याच्या आसपास होता, आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा वर्गांत धावत्या भेटी देण्यात जात होता. गंमत म्हणजे जिथे या धावत्या भेटी जास्त, तिथे मुलांची प्रगती उलट कमी दिसली. शिक्षकाला हाताशी धरून शिकवण्यात मदत करायला जिथे वेळ दिला गेला, तिथे ती वाढलेली दिसली. दारातून डोकावून, वहीत काहीतरी खरडून निघून गेलेल्या मुख्याध्यापकाने शिक्षकाला काय दिलं? एक धसका. वर्गात जायचंच असेल तर आधी सांगून जा, पूर्ण तास मागच्या बाकावर बसा, आणि त्याच दिवशी पंधरा मिनिटं त्या शिक्षकाशी बोला. सुरुवात ‘मुलांना कुठे अडलं असं तुम्हाला वाटलं?’ या प्रश्नाने करा. आठवड्याला असे दोनच तास झाले तरी चालतील, पण ते वेळापत्रकात लिहिलेले असावेत. लिहिलेले नसले, तर पहिल्याच फोनला ते बळी पडतात.

एवढं सगळं तुमच्या बाजूने बोलल्यावर आता थोडं विरुद्ध बोलते.

तुम्ही मऊ आहात, हा दोष नाही. ‘बघते’ हा दोष आहे. शिकागोच्या प्राथमिक शाळांचा अँथनी ब्रिक आणि बार्बरा श्नायडर यांनी १९९०च्या दशकात बारकाईने अभ्यास केला. जिथे शिक्षक, मुख्याध्यापक आणि पालक यांचा एकमेकांवर भरवसा होता, तिथे दर दोन शाळांमागे एक शाळा वाचन-गणितात सुधारली. जिथे भरवसा नव्हता, तिथे सातांमागे एक. हा भरवसा कशाचा बनलेला असतो, तेही त्यांनी मांडलं: एकमेकांचा मान राखणं, माणूस म्हणून आपुलकी, कामातली जाण, आणि बोलल्याप्रमाणे वागणं. पहिल्या तिन्हींत तुम्ही कुणाला हार जाणार नाही. गळती चौथ्यात आहे. प्रयोगशाळेच्या कपाटाचं विचारायला आलेल्या शिक्षकाला तुम्ही ‘बघते’ म्हणालात, तेव्हा तुमच्या मनात ‘जमवायचा प्रयत्न करते’ होतं. त्याने ‘नाही’ असं ऐकलं. आणि शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्याने ‘हो’ ऐकलं. महिन्याभराने दोघंही नाराज. आधीच्या सरांचा ‘नाही’ कडू असेल, पण तो ‘नाही’च असायचा. लोकांना त्यांची आठवण येते ती बहुधा या स्पष्टपणामुळे. आरडाओरडा कुणाला आठवायचा असतो?

म्हणून उत्तरं तीनच ठेवा. ‘हो.’ ‘नाही, कारण अमुक.’ ‘शुक्रवारी सांगते.’ तिसरं दिलंत तर लगेच त्या माणसासमोर डायरीत टिपा आणि शुक्रवारी, उत्तर तयार नसलं तरी, स्वतः त्याच्याकडे जाऊन ‘अजून झालं नाही, सोमवारपर्यंत कळवते’ असं सांगा. हे मृदू आवाजात करता येतं. निर्णयक्षमता म्हणतात ती इतकीच असते, आणि तिला भारदस्त आवाज लागत नाही. नव्याने पर्यवेक्षक किंवा विभागप्रमुख झालेले जे वाचक हे वाचत असतील, त्यांनीही आपला दिवसभरातला ‘बघू’ एकदा मोजून पाहावा.

मैत्रिणीचा विषय. बहुतेक मुख्याध्यापक अशा वेळी एक पळवाट काढतात: शिक्षकसभेत सगळ्यांसमोर ‘काही जण तासाला उशिरा जातात असं निदर्शनास आलं आहे’ असं म्हणून मोकळे होतात. कृपा करून हे करू नका. जे वेळेवर जातात ते दुखावतात, जिला उद्देशून आहे ती मान डोलावते, आणि सभेनंतर स्टाफरूममध्ये ‘हे कुणासाठी होतं’ यावर चर्चा झडते. तिला एकटीला बोलवा, शाळा सुटल्यावर, आणि तुमच्या केबिनमध्येच. तिच्या घरी नको, चहाच्या टपरीवर नको. नेमकं बोला. ‘तू हल्ली उशीर करतेस’ यावर वाद घालता येतो. ‘या पंधरवड्यात आठवी ब चा पहिला तास चार वेळा दहा मिनिटं उशिरा सुरू झाला’ यावर घालता येत नाही. मग गप्प बसा. हे गप्प बसणं तुम्हाला कठीण जाईल, कारण ती अवघडली की तुम्हीच घाईघाईने ‘अगं, तसं काही नाही’ म्हणायला लागाल. घरी कुणी आजारी असेल, तिची स्वतःची काही अडचण असेल, तर ते इथे बाहेर येईल आणि वेळापत्रक बदलून मार्ग निघेलही. पहिला तास दुसऱ्या कुणाला देणं हे काही आभाळ कोसळणं नव्हे. काहीच कारण नसेल, तर सोमवारपासून तास वेळेवर सुरू होईल एवढं ठरवून उठा, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बसायची तारीखही तेव्हाच ठरवा. तेव्हाही फरक नसेल तर लेखी कळवावं लागेल, आणि हे तुम्ही तिला पहिल्याच भेटीत सांगितलेलं असलं पाहिजे.

मैत्री टिकेल का, असं तुम्ही विचारलंय. ते मला सांगता येणार नाही. पण आज बाकीचे शिक्षक तुमचं तिच्याशी वागणं बारकाईने बघताहेत आणि त्यावरून स्वतःची गणितं मांडताहेत, एवढं नक्की. त्या तीन शिक्षकांपैकी एखादा उद्या खरं सांगायला येईल की नाही, हेही त्यातच ठरतंय. मुख्याध्यापिका आवडत्या माणसाला सांभाळून घेते असं एकदा दिसलं, की खरं सांगण्यात अर्थ नाही हे लोकांना कळतं. सहामाहीपर्यंत थांबलात तर आणखी काही महिने हाच धडा शिकवत राहाल.

स्टाफरूममध्ये तुम्ही गेल्यावर गप्पा थांबतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. थांबणारच. तुमच्याविषयी कुरकुर करायला त्यांना एक जागा लागते आणि ती तुम्ही त्यांच्याकडून हिरावून घेऊ नये. मधल्या सुट्टीत तिथे रोज डबा घेऊन जायची धडपड बंद करा. आणि ‘माझं दार सदैव उघडं आहे’ असंही जाहीर करू नका. उघड्या दारातून येतात ते बहुतेक नेहमीचे चार जण, तक्रार घेऊन. ज्यांच्याकडून ऐकायला हवं ते येत नाहीत. त्यांच्यापर्यंत तुम्हालाच जावं लागेल: दर आठवड्याला एका शिक्षकाशी वीस मिनिटं, आणि प्रश्न एकच, ‘मला माहीत नाही पण माहीत असायला हवं, असं तुमच्या वर्गात काय चाललंय?’ पहिल्या फेरीत कुणी काही सांगणार नाही. पंखा बिघडलाय, फळा खराब झालाय, एवढंच येईल. पंखा दुरुस्त करा. दुसऱ्या फेरीत थोडं जास्त येईल.

आणि कधीतरी एक जण खरी वाईट बातमी घेऊन येईल. त्या क्षणी तुमच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघतं, ते मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्या शाळेला कळलेलं असेल. ‘बरं झालं सांगितलंत. आता काय करायचं?’ हे वाक्य आधीच घोकून ठेवा. राग आलेला असणारच, त्या वेळी नवं काही सुचत नाही.

त्या मुलाबाबत आता. तुम्ही वर्गशिक्षकांना बोलावून ‘हे मला का सांगितलं नाही’ असं विचारल्याचं लिहिलंय. साहजिक आहे, पण त्याचा परिणाम काय झाला असेल याचा अंदाज तुम्हाला आला असेलच. त्यांना पुन्हा बोलवा, तिघांनाही, आणि या वेळी विषय मुलगा असू द्या. पहिलं काम, तो एकटाच आहे का हे शोधणं. पाचवी ते सातवीच्या प्रत्येक मुलाकडून, एकेकट्याला बसवून, अनोळखी उतारा दोन-तीन मिनिटं मोठ्याने वाचून घ्या. भाषेच्या शिक्षकांत वाटून घेतलं तर आठ-दहा दिवसांत होईल. त्यातला एक वर्ग तुम्ही स्वतः घ्या. गणिताच्या बाई असलात म्हणून काय झालं, शाब्दिक उदाहरण न वाचता सुटत नाही हे तुमच्याइतकं कुणाला माहीत? निकाल कितीही वाईट आला तरी तो कोणत्याही शिक्षकाच्या खात्यावर मांडला जाणार नाही, हे आधी सांगा आणि नंतर पाळा. मग ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी दिवसातला एक ठरावीक वेळ काढा, कुणी आणि कसं शिकवायचं ते सगळे मिळून ठरवा, आणि दर महिन्याला तीच मुलं पुन्हा वाचून घ्या. त्या मुलाच्या आईवडिलांना मात्र शाळेने आधी भेटायला हवं, आणि तेही तुम्ही. गुणपत्रकावर पास लिहून त्यांना अंधारात ठेवलं गेलंय. त्याची दिलगिरी शाळेचं प्रमुख म्हणून तुम्हालाच व्यक्त करावी लागेल. त्यात कमीपणा नाही. नेटाने शिकवूनही मुलगा मागेच राहत असेल, तर वाचन-अक्षमतेची तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यायला त्यांना सुचवा, उशीर न लावता.

संचालकांना स्वभावाचं स्पष्टीकरण देत बसू नका. वाचनाच्या त्या पाहणीचे आकडे आणि महिन्याभराचं नियोजन एका पानावर त्यांच्यासमोर ठेवा. आकडे वाईट असतील. ते तुम्ही लपवले नाहीत हेही त्यांना दिसेल. काही जण तरीही ‘वचक नाही’ म्हणतील. म्हणोत. आणि जे वाचक मुख्याध्यापक नेमण्याच्या समित्यांवर बसतात, त्यांनी मुलाखतीत ‘तुमची दूरदृष्टी सांगा’ हे विचारणं कृपया थांबवावं. त्याऐवजी ‘तुम्हाला न आवडणारी बातमी तुमच्याकडे शेवटची कुणी आणली, आणि तुम्ही काय केलंत?’ असं विचारावं. ज्याला उत्तर आठवत नाही, त्याच्याकडे बातम्या येत नसणार.

राहिला परत वर्गावर जायचा प्रश्न. आठवड्याला गणिताचे दोन-तीन तास तुम्ही आत्ताही स्वतःकडे ठेवू शकता, आणि ठेवाच. मुलांत राहाल आणि शिक्षकांशी बोलताना तुमच्या शब्दाला वजन राहील. पण पूर्णपणे परत जायचं तर कारण ‘शिकवण्याशिवाय मला करमत नाही’ हे असावं. ते खरं कारण आहे आणि त्यासाठी कुणी खुर्ची सोडली तर मला त्यांचा आदरच वाटेल. ‘मी मऊ आहे’ हे कारण चालणार नाही. शिवाय मुख्याध्यापक बदलला की शाळेची घडी पुन्हा बसायला काही वर्षं जातात. तुमची शाळा नुकतीच एका बदलातून गेली आहे, लगेच दुसरा तिला जड जाईल. निदान एक पूर्ण शैक्षणिक वर्ष काढा. वार्षिक निकाल लागल्यावर, त्या मुलाला वाचायला बसवून झाल्यावर, मग ठरवा. मैत्रिणीशी बोलणं मात्र याच आठवड्यात उरका.